निळ्या पट्टीची उंची

लिफ्टचं दार वाजलं तसा माईंनी भिंतीला लावलेला टेप काढून गळ्यात टाकला. शिवणाचा कापडी टेप त्यांच्या गळ्यात असणं घरात कुणाला नवीन नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीशी वाकून उभं असणं मात्र नवीन होतं. म्हणून त्या दोन पावलं बाजूला झाल्या आणि ओट्यावर पसरलेल्या प्लास्टिकच्या कागदाखाली काहीतरी शोधू लागल्या.

सून पिशव्या घेऊन आत आली.

"माई, इथे काय करताय? केवढी धूळ आहे."

"चष्मा बघत होते."

"डोळ्यांवर आहे की."

"हा जवळचा. लांबचा बघत होते."

माईंना लांबचा चष्मा नव्हताच. एरवी सुनेने लगेच पकडलं असतं, वर हसलीही असती. आज ती तशीच आतल्या खोलीत गेली. कपाट उघडलं, एक पिशवी मागे सारली गेली, कपाट बंद झालं. माईंनी तिन्ही आवाज नीट ऐकले.

माई हे त्यांचं नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी पाडलेलं नाव पुढे घरानेही उचललं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते, आणि हा फ्लॅट निम्म्याहून अधिक त्यांच्या मशीनवर उभा राहिला होता. त्याच्या कोपऱ्यातली खोली त्यांची. मशीन, कापायचं टेबल, खिडकी आणि दाराशी दगडी उंबरठा. घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती.

"माझ्या खोलीला हात लावायचा नाही."

"बरं," मुलगा म्हणाला होता. इतक्या पटकन म्हणाला, की तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हा मुलगा लहानपणी आंघोळीला जायलासुद्धा वाद घालत असे.

काम एका आर्किटेक्ट मुलीकडे दिलं होतं. बारीक कापलेले केस, हळू आवाज, आणि धुळीतही बूट दाराबाहेर काढायची सवय. पहिल्या दिवशी तिने माईंना "आजी" म्हटलं. माई म्हणाल्या, "मला नातू एकच आहे, आणि तो हॉस्टेलवर आहे." तेव्हापासून तीही माई म्हणू लागली.

तिची कामाची एक रीत होती. पक्कं काम करण्याआधी ती नव्या घरातली प्रत्येक गोष्ट निळ्या कागदी चिकटपट्टीने जागेवरच आखायची. बटणं कुठे, ओटा किती उंच, आरसा कुठून सुरू होणार, दार किती रुंद. मग म्हणायची, आठ-दहा दिवस या पट्ट्यांबरोबर राहा. जे खटकेल ते सांगा.

"कागदावर घर सगळ्यांनाच आवडतं," ती म्हणाली. "भिंतीवर आलं की खरं कळतं."

"म्हणजे कच्चे टाके," माई म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

माईंना मुलगी आवडली होती, आणि म्हणूनच तिचा जास्त राग येत होता. कच्चे टाके घातलेला कपडा कुणाच्या अंगाला लावून बघायचा, हे शिवणारीला माहीत असतं. इथे तेवढीच गोष्ट कुणी सांगत नव्हतं.

कारण पट्ट्या चुकलेल्या होत्या.

चुकलेल्या म्हणजे, सगळ्या खाली होत्या. दिव्यांची बटणं माईंच्या कंबरेपाशी. कोट अडकवायच्या खुंट्या छातीपाशी. नवा ओटा इतका खाली की भाजी चिरायची तर घडी होऊन उभं राहावं लागेल. त्या ओट्याखाली कपाटंही नव्हती, नुसती मोकळी जागा. "भांडी कुठे ठेवायची?" माईंनी विचारलं, तर आर्किटेक्ट म्हणाली, "समोरच्या भिंतीला पुष्कळ जागा आहे," आणि नकाशा गुंडाळू लागली. दिवाणखान्यातली खिडकीही खाली आणणार होते. त्यावर ती म्हणाली, "बसल्या जागेवरून झाड दिसेल." झाड उभं राहूनही दिसत होतं. तीस वर्षं दिसत होतं.

सुरुवातीला माईंना वाटलं, हे आपल्यासाठी चाललंय. आपल्याला म्हातारी ठरवलं. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग त्यांनी टेप काढला आणि स्वतःला पट्ट्यांशी लावून बघितलं. माई चांगल्या उंच होत्या, आणि म्हातारपणाने त्यांच्या पाठीला अजून बाक काढला नव्हता. कुठलीच पट्टी त्यांच्या अंगाला बसत नव्हती. राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

हे घर बेतलं जात होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी मापाने. आणि ते माणूस बुटकं होतं.

त्यांच्या माहितीत असं बुटकं माणूस एकच होतं. विहीणबाई.

सुनेची आई चिमणीएवढी होती आणि चिमणीसारखीच अखंड बोलायची. आपल्या गावी एकटी राहायची. माईंचं तिच्याशी वाकडं नव्हतं. वर्षातून दोनदा, चार-चार दिवस, तेवढ्यापुरतं उलट चांगलंच जमायचं. पण कायमचं? आणि कुठे? घरात झोपायच्या खोल्या तीन. एक मुला-सुनेची, एक सुट्टीत येणाऱ्या नातवाची, आणि एक...

माईंनी स्वतःच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सुतार तिथेच उकिडवा बसून उंबरठ्यावर बोटं फिरवत होता.

"काय बघतोस?"

"काही नाही माई. दगड बरा आहे, एवढंच."

"बराच आहे. राहू दे."

"आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, माईंना परत एकदा विचार. निघत असेल तर काढू. दारही जरा रुंद..."

"कशाला? मी काय हत्ती पाळलाय आत?"

सुतार हसला. "मला विचारू नका. मी फक्त ठोकतो."

"हा उंबरठा आहे म्हणून माझ्या टाचण्या खोलीत राहतात. नाहीतर तुझ्याच पायात घुसतील. सांग तुझ्या बाईंना."

आता तर खात्रीच झाली. खोलीला हात लावणार नाही असं तोंडाने म्हणायचं आणि सुताराकडून विचारत राहायचं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कुठे मुरतंय हेही कळलं. सून गॅलरीत फोनवर बोलत होती. माई आत इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"...तेव्हा तू हवीसच गं आई. मला एकटीला नाही जमणार." मग बराच वेळ शांतता. "नाही, माईंना अजून सांगितलेलं नाही. तो म्हणतो, घर होऊ दे, मग सांगू. मी काय करू? त्याचंच ऐकायचं ना." परत शांतता. "जागेचं तू बघू नकोस. जागा होईल."

जागा होईल. माईंनी इस्त्री परत हातात घेतली. ती मुलाच्या शर्टावर होती, आणि त्या शर्टाचाही एक जुना राग होताच. मागे एकदा सून त्याचे सगळे शर्ट घेऊन आली होती: "माई, पुढची बटणं काढून टिचबटणं लावून द्याल का? दिसायला बटण वर तसंच ठेवा." माईंनी विचारलं, का? तर म्हणे, सकाळी घाई होते. काजं माईंनी हाताने केलेली होती, एकेक. ती बुजवून त्यांनी टिचबटणं लावली, आणि तेव्हाही ओठांत टाचण्या धरून बसल्या. गिऱ्हाइकांना त्यांची ही खोड ठाऊक होती. माईंच्या ओठांत टाचण्या असल्या की त्यांना काही विचारायचं नसतं.

त्या संध्याकाळी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "विहीणबाई बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

मुलगा आणि सून यांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्धा क्षणच. पण नजर टेपासारखी असते. कुठून कुठे गेली ते दिसतं.

"बोलवा की," माई म्हणाल्या. "त्यांना गाऊन शिवून द्यायचा कबूल केलाय मी."

"या धुळीत कशाला, माई?" मुलगा म्हणाला. पाण्याचा ग्लास उचलायला त्याने दोन्ही हात लावले.

"तुझ्या सासूला धुळीचं काय? ती बोलायला लागली की धूळच बसत नाही."

मुलगा हसला. पाणी थोडं सांडलं. सुनेने लगेच पुसलं.

विहीणबाई शनिवारी आल्या. दारातच त्यांनी माईंना मिठी मारली आणि ती सोडायला उशीर केला. हे माईंना आवडलं नाही. जी बाई घरात पाय टाकायच्या आधी बसमधल्या शेजाऱ्याची कुंडली सांगते, ती आज गप्प. चहा घेतला, पट्ट्यांकडे पाहिलं, आणि डोळे दुसरीकडे वळवले.

"कसं वाटलं घर?" माईंनी विचारलं.

"छान होईल." मग एकदम माईंच्या हातावर हात ठेवून, "तुम्ही खंबीर आहात हो."

"मला काय धाड भरलीय?"

विहीणबाईंनी हात मागे घेतला. कपातला उरलेला चहा त्या घोट-घोट पीत राहिल्या. अपराधी माणूस असाच पितो, माईंना वाटलं. कप संपला की बोलावं लागतं म्हणून.

"चला, माप घेऊ," माई म्हणाल्या. "माझ्या खोलीत उजेड कमी आहे. स्वयंपाकघरात या."

खोलीत उजेड भरपूर होता. पण विहीणबाई मुकाट्याने मागोमाग आल्या, आणि माईंनी त्यांना खांदे धरून बरोबर निळ्या पट्टीला टेकवून उभं केलं.

"सरळ उभ्या राहा. पाय जुळवा. खाली बघू नका."

हेच शब्द त्यांनी आयुष्यभर म्हटले होते. माणूस वाकलेला असला की कपडा खोटा बसतो, ही त्यांची शिकवण. त्यांनी खांद्यापासून टेप सोडला आणि नजर पट्टीवर ठेवली.

पट्टी बसली नाही.

ओट्याची रेषा विहीणबाईंच्या कोपरापाशी यायला हवी होती. ती कंबरेच्याही खाली गेली होती. या चिमणीलासुद्धा त्या ओट्यावर वाकूनच काम करावं लागलं असतं. माईंनी टेप गुंडाळला. "जरा इकडे," म्हणून त्यांना बाथरूममध्ये नेलं. तिथे कमोडच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या दांड्यांच्या पट्ट्या होत्या.

"इथे कशाला?"

"पाठीचं माप. इथे आरसा आहे."

दोन पट्ट्यांमध्ये विहीणबाई उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली की अजून एक विहीणबाई मावली असती.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," माई म्हणाल्या. त्यांनी एकही आकडा लिहून घेतला नव्हता.

विहीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. सून त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. जाताना त्या माईंना एवढंच म्हणाल्या, "गाऊनची घाई नाही हो. मी येणारच आहे." माईंच्या संशयातून त्या तेव्हा सुटल्या होत्या, तरी ते वाक्य मनातून सुटलं नाही. येणारच आहे. मग घर कुणासाठी बेतलंय?

दिवसभर मशीनवर बसून त्यांनी ते अंग मनात शिवून बघितलं. उंचीला शाळेतल्या पोराएवढं. पाठ मात्र भरल्या पुरुषाची. हात बहुधा लांब, कारण ओट्यापासून मागच्या फळीपर्यंतचं अंतर आखूड हाताला झेपणारं नव्हतं. असं गिऱ्हाईक त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. कापड उलटसुलट धरून पाहिलं तरी त्यातून माणूस निघेना.

संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेरचं दार उघडलं. रविवार होता, मुलगा खाली फिरून आला होता. हल्ली तो रोज फिरायला जायचा आणि लवकर परत यायचा. त्याच्या पँटच्या उजव्या पायाच्या दुमडीची शिलाई माईंनी दोनदा दुरुस्त केली होती. "पाय घासत चालू नकोस," असं दर वेळी बजावलंही होतं.

त्या दोरा ओवत होत्या. दार अर्धं उघडं होतं. मुलाने हाक मारली नाही, दिवाही लावला नाही. त्याच्या टेबलाची चाकांची खुर्ची सामानाच्या गर्दीत पॅसेजमध्ये आणून ठेवली होती. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढल्याचा आवाज आला. मग तो बसल्याचा. मग फरशीवरून चाकं.

माई उठल्या आणि दाराच्या फटीपाशी आल्या.

मुलगा खुर्चीत बसून, पायांनी न ढकलता, भिंतीला आणि दाराच्या चौकटीला हातांनी रेटत स्वयंपाकघरात चालला होता. पाय त्याने मुद्दाम उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते. ओट्याच्या पट्टीपाशी तो थांबला. नवा ओटा अजून झाला नव्हता, नुसती निळी रेषा होती. त्याने तिच्या बाजूने हात आडवा धरला. कोपर रेषेवर आला. गुडघ्यांपुढे जिथे कपाट आलं असतं, तिथे मोकळी भिंत होती. त्याने मागच्या फळीच्या खुणेकडे हात लांब केला. बोटं खुणेवर टेकली. मग तो कष्टाने मागे वळला आणि बटणाच्या पट्टीकडे हात नेला. हातही उचलावा लागला नाही. जणू बटण तिथे कधीचंच होतं.

माईंनी लांबूनच ती बाही ओळखली. खांद्यापासून मनगटापर्यंत, उजवा हात डाव्याहून किंचित लांब. शाळेच्या पहिल्या गणवेषापासून ती त्यांनी शिवली होती.

मुलगा थोडा वेळ तसाच बसला. उकडत होतं म्हणून त्याने शर्ट गळ्याशी ओढला. टिचबटणं एकामागून एक सुटली, टक, टक, टक.

माई मागे सरकल्या. उंबरठा ओलांडायचा नव्हता, तरी त्यांचा पाय त्याला लागला. त्यांनी आवाज केला नाही. टेबलापाशी जाऊन त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, मग सुई उशीत खोचून ठेवली. बाहेर चाकं परत पॅसेजकडे गेली, प्लास्टिकचा कागद सळसळला, आणि मुलगा नेहमीच्या आवाजात म्हणाला, "माई, आहेस का गं?"

"आहे," त्या म्हणाल्या. "चहा ठेवते."

सोमवारी सकाळी आर्किटेक्ट आणि सुतार बरोबरच आले. मुलगी बूट काढेपर्यंत माई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हा दगड काढा."

सुताराने आर्किटेक्टकडे पाहिलं. ती एक बूट हातात घेऊन तशीच थांबली.

"आणि दार रुंद करा. बाकीची दारं जेवढी आखलीत तेवढं. मशीन मी खिडकीशी सरकवते, म्हणजे मधली जागा वळायला मोकळी राहील."

"आणि टाचण्या?" सुतार म्हणाला.

"लोहचुंबक आहे माझ्याकडे."

आर्किटेक्टने दुसरा बूट काढला. तिने पिशवीतून निळ्या पट्टीचं रीळ काढलं, गुडघ्यांवर बसली आणि दाराच्या नव्या रेषा आखायला लागली. एक पट्टी नीट चिकटेना. माईंनी वाकून तिचं दुसरं टोक धरलं.

"तुमची खोली यात नव्हती, माई," मुलगी हळूच म्हणाली. "मला एवढंच वाटत होतं, की..."

"संध्याकाळी तो माझ्याकडे बसायला येतो," माई म्हणाल्या. "लहानपणापासून येतो."

स्वयंपाकघरात मुलगा टेबलाशी चहा घेत होता. सून गॅसपाशी पाठमोरी उभी होती. माईंनी गळ्यातला टेप काढला आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन थांबल्या.

"थंडीचं जाकीट शिवायचंय तुझं. माप दे."

"आत्ता? थंडीला अवकाश आहे. आणि माझं माप आहे की तुझ्याकडे."

"ते जुनं झालं."

"बरं बाई." त्याने कप ठेवला, एक तळवा टेबलावर दाबला आणि उठायला सुरुवात केली.

"उठू नकोस," माई म्हणाल्या. "बसूनच घेते."

तो अर्धवट उठलेला, तसाच थांबला. सुनेने गॅस बंद केला, पण मागे वळली नाही. बाहेर सुताराने छिन्नीवर पहिला घाव घातला आणि दगड वाजला. मग मुलगा सावकाश खाली बसला आणि शाळेत असताना करायचा तसा उजवा हात पुढे केला.

माप घ्यायला टाचण्या लागत नाहीत. तरी माईंनी दोन टाचण्या ओठांत धरल्या, आणि टेपाचं टोक त्याच्या खांद्यावर ठेवलं.